बंगल्याची घडी घालून पाहा!

पाचगणीला मी किती वेळा गेले असेन! टेबललँड, घोडा, स्ट्रॉबेरी-क्रीम, परत. घरांकडे बघतं कोण? या जूनमध्ये मात्र एका जुन्या बंगल्यात उतरलो आणि मी फाटकातच थबकले. दरवाजा अगदी मधोमध! डावीकडे तीन खिडक्या, उजवीकडे तीन. इकडे एक धुराडं, तिकडे हुबेहूब तसंच. मधून घडी घातली तर काठाला काठ जुळेल, साडीसारखा!

ही शिस्त इंग्लंडातल्या जॉर्ज राजांच्या काळातल्या घरांची, १७१४ ते १८३० मधली. पाचगणी नंतरची, महाबळेश्वरच्या पावसात राहणं अवघड, म्हणून जॉन चेसनने १८६० च्या दशकात इथे वस्ती वसवली. म्हणजे हा बंगला जॉर्जियन नव्हेच. पण तो बांधणाऱ्या साहेबाने आजोबांच्या घराचा नकाशा मनात बांधून आणला होता, हे नक्की!

मग झड सुरू झाली, आणि घर खरं कळलं. तिकडच्या घराची दर्शनी भिंत सपाट, उघडी. छप्पर बहुधा कठड्यामागे दडलेलं. इथे तसं बांधलं तर भिंती ओल पिऊन फुगतील. म्हणून छप्पर टोपीसारखं खाली ओढलेलं, आणि त्याखाली चहूबाजूंनी व्हरांडा. मी खुर्ची टाकून बसले, हातभर अंतरावर पाऊस कोसळतोय, अंगावर थेंब नाही!

रखवालदार मामांनी जादाचं एक कौल हातात दिलं. मंगळुरी! (बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये अशा कौलांचा कारखाना काढला.) कडेला खाचा, एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, मागचं बोंड रिपेला अडकतं. किती साधं, किती हुशार!

"आणि भिंत कशाची, मामा?"

"जांभा की, ताई. टेबललँडबी ह्योच."

घ्या! इतकी वर्षं ज्याच्यावर घोडा फिरवला, तोच दगड उशाशी. खाणीतून निघताना मऊ, हवा लागली की टणक.

पाऊस ओसरल्यावर पुन्हा बाहेरून खिडक्या मोजल्या. उजवीकडे तीन. आत जाऊन मोजल्या. दोनच! पुन्हा बाहेर: तीन. तिसरीची झडपं कायमची बंद, मागे भरीव भिंत. निव्वळ जोडी जमवायला लावलेली खोटी खिडकी! आतल्या बाजूला त्याच जागी भिंतीतलं कपाट होतं. मामांनी उघडून दाखवलं. छत्र्या, घोंगडी आणि लोणच्याची बरणी.