दिव्यांची मान

अंधारात वाट चालणाऱ्या मनुष्याने प्रथम हाती दिवा घेतला तेव्हा त्याचा हेतू दुहेरी असला पाहिजे. आपली वाट आपणास दिसावी, हा एक. आणि आपण येत आहो हे समोरच्यास कळावे, हा दुसरा. मोटारींच्या दिव्यांत हा दुसरा हेतू पार हरवला आहे, असे मला आरोंद्याच्या रस्त्यावर रात्री फिरताना अनेकदा वाटते. तेरेखोलच्या खाडीवरील पूल ओलांडून गोव्याच्या बाजूने मोटारी इकडे येतात. पलीकडच्या गावाचे नाव किरणपाणी! इतक्या सुरेख नावाच्या गावाकडून असा दांडगा उजेड यावा, ही एक गंमतच म्हणायची.

तेव्हा माझा भाचा आपली तांबडी ‘सॅन स्टॉर्म’ घेऊन दिवाळीत घरी आला आणि “मामा, नवे दिवे आणलेत, इथेच बसवून घेऊ,” म्हणाला, त्या वेळी मी मामाच्या अधिकाराने त्या प्रकरणात लक्ष घातले. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची बुटकी गाडी. तिचे अंग फायबरग्लासचे. दिसायला ही गोष्ट क्षुल्लक. पण आमच्या मेस्त्रीला तिचे महत्त्व तत्काळ कळले. पत्र्याच्या गाडीत दिव्याची अर्थची तार जवळच्या पत्र्याला जोडली की भागते. फायबरग्लासमधून वीज जात नाही. म्हणून ती तार थेट चासीपर्यंत न्यावी लागते, आणि तो जोड गंजलेला असेल तर उत्तम दिवाही मिणमिणतो. दाब शेकडा दहा घटला, तर साध्या हॅलोजन बल्बचा उजेड शेकडा तीसच्या आसपास घटतो. मेस्त्रीने रिले बसवले, बॅटरीपासून जाड तारा आणल्या, जोड घासून लख्ख केले. नवा दिवा विकत घेण्यापूर्वी पुष्कळ लोकांनी एवढेच केले असते, तर त्यांचे पैसे वाचले असते!

भाच्याने दिव्यांबरोबर एल.ई.डी.चे बल्बही आणले होते. ते लावताच अंगणापलीकडच्या माडांचे शेंडे उजळले. मेस्त्री कमरेवर हात ठेवून पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, उजेड वाढलो खरो, पण रस्तो खंय आसा?” त्या एका वाक्यात प्रकाशशास्त्राचा एक धडा होता. एच-फोर जातीच्या बल्बात दोन तंतू असतात. जवळच्या झोताच्या तंतूखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश आरशाच्या वरच्याच भागावर पडतो आणि तेथून खाली वळतो. आरशाचा सारा घाट त्या तंतूच्या जागेवर बेतलेला. तेथे वेगळ्या आकाराचा उगम आणून बसवला की किरण वाट चुकतात. ते बल्ब पुन्हा खोक्यात गेले. भाचा थोडा हिरमुसला. पण त्याने दिवे इंग्लंडहून मागवले होते, जर्मनीहून नव्हे, याबद्दल मी त्याची पाठ थोपटली. डावीकडून गाड्या हाकणाऱ्या देशांत झोताची वरची कड डाव्या अंगाला किंचित चढते, म्हणजे कडेने चालणारा दिसतो. उजवीकडून हाकणाऱ्या देशांचा दिवा येथे लावला, तर तीच चढण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते.

खरे काम पुढेच होते. आमच्या कोकणातले अंगण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून उतरते केलेले असते. गाडी सपाट ओट्यालगत उभी. दहा मीटरांवरची चुना दिलेली भिंत मात्र उतारावर. भिंतीपाशी जमिनीपासून उंची मोजली असती तर खूण फसली असती. मेस्त्रीने गवंड्याची पाण्याची नळी मागवली, दिव्याच्या मध्याची पातळी भिंतीवर नेली आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरांवर कोळशाने रेघ ओढली. भाच्याला चालकाच्या जागी बसवले, चाकांतली हवा पाहिली, एका दिव्यावर गोणपाट टाकले आणि दुसऱ्याचा स्क्रू फिरवू लागला. झोताची कड सावकाश उतरत त्या रेघेवर येऊन बसली.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाला झोताने दिपवू नये, असे तो सांगतो. कायद्याच्या रुक्ष पानांत उभा असलेला हा निनावी मनुष्य मला फार आवडतो. आमच्याकडे तो काल्पनिक नाही. जत्रांचे दिवस सुरू झाले की दशावतार पाहून पहाटे पेंगत घरी जाणारी बायकामुले याच रस्त्याने चालतात. गेल्या वर्षी आमच्या वाडीतला दूधवाला अशाच एका झोतापुढे क्षणभर आंधळा झाला आणि सायकलसकट गडग्यावर आदळला. त्याचा खांदा अद्याप पुरता वर होत नाही. त्यालाच बोलावून मी नियमातल्या जागेवर उभे केले. तो डोळे बारीक करून सज्ज राहिला, मग ते त्याने हळूहळू उघडले आणि म्हणाला, “गाडीचो रंग पण दिसता माका.”

भाच्याचे समाधान मात्र झाले नव्हते. दिवा जमिनीपासून साठ सेंटिमीटर उंच आणि मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, म्हणजे झोत साठ मीटरांवर रस्त्याला टेकणार. ताशी साठ किलोमीटर वेगाने ते अंतर साडेतीन सेकंदांत सरते.

“अर्धा अंश तरी वर घेऊ या ना, मामा!”

अर्धा अंश म्हणजे दहा मीटरांवर जवळजवळ नऊ सेंटिमीटर. सगळा उतार त्यातच संपतो. मी त्याला भिंतीवर ते दाखवले. दूधवाला अजून तेथेच उभा होता. भाच्याने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा रेघेकडे.

“शिरोड्याच्या रस्त्याला मग पन्नासनेच जावं लागेल,” तो पुटपुटला.

मेस्त्रीने स्क्रूंवर तांबड्या रंगाचा एकेक ठिपका दिला, म्हणजे पुढे कोणी ते फिरवले तर कळावे, आणि हात पुसत चहा मागितला.