तारीख ठरली की

आमच्या एकलहऱ्याला समुद्र लागत नाही. जवळून गोदावरी वाहते, पण तीही अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पार आंध्रात जाते. तरी औष्णिक वीज केंद्राशेजारी राहणाऱ्याला बोटींची एक गोष्ट नेमकी उमगते. ओव्हरहॉल संपत आलं, वरून युनिट चालू करायची तारीख आली की सगळ्यांची घाई सुरू होते. तेव्हाच एखादा जुना फिटर विचारतो, "सगळी परमिटं परत आली का?" आत अजून कुणाचं काम चालू असेल तर बॉयलर पेटवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रश्न कुणालाच आवडत नाही.

डोनाल्ड क्रोहर्स्टची हकीकत वाचताना मी तो फिटर शोधत राहतो. १९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. क्रोहर्स्टचा इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा धंदा. शिडाची बोट हा सुटीतला छंद. बोट उलटलीच तर सावरणारी यंत्रणा तो स्वतः बनवणार होता. तिच्या तारा बोटभर फिरल्या होत्या, पण त्या ज्याला जोडायच्या ते यंत्रच झालं नव्हतं. काही सुटे भाग धक्क्यावरच राहिले. त्याला हे दिसत नव्हतं थोडंच! पण पैसे लावणाऱ्याशी करार असा की मोहीम फसली तर बोट यानेच विकत घ्यायची. तो ३१ ऑक्टोबरलाच निघाला. पुढे अटलांटिकमध्येच घुटमळत खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. १० जुलै १९६९ रोजी बोट सापडली, तो नाही.

नवखेपणाला मात्र मी फार दोष देणार नाही. त्याच शर्यतीतल्या चे ब्लाइथला शीड हाताळता येत नव्हतं. निघाला त्या दिवशी मित्र पुढच्या बोटीतून दाखवत होते आणि हा मागून तसंच करत होता. बोट या समुद्राची नाही हे कळल्यावर त्याने शर्यत सोडली, आणि १९७१ साली दुसऱ्या बोटीतून प्रदक्षिणा पुरी केली.

शर्यत पुरी करणारा एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. गळत तीही होती! पण मुंबईहून इंग्लंडपर्यंत त्याने ती स्वतः नेली होती, त्यामुळे भर समुद्रात बुडी मारून सांधा बुजवताना हात कुठे घालायचा ते त्याला ठाऊक होतं.

फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी एखाद्या भारतीयाने एकट्याने प्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला, तेव्हा कमांडर दिलीप दोंदे आधी या नॉक्स-जॉन्स्टनकडेच शिकायला गेले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली जाताना दोंदे तिच्या मागेच होते. मग मॉरिशसपर्यंत जाऊन ते एकटे परत आले, आणि त्यानंतर १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले. १९ मे २०१० ला परतले.

आपल्या कोळ्यांची तारीख समुद्राने दिलेली, नारळी पौर्णिमेची. सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते. पौर्णिमा ऑगस्टअखेरीस असली तरी कित्येक बोटी त्याआधीच सुटतात. त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडायची तारीख पौर्णिमेची वाट पाहत नाही.