रहस्य आणि वदतोव्याघात

मित्रवर्य,



आपल्या पत्रातील प्रश्न असा, की जो धर्म देव एकच आहे असे ठामपणे सांगतो आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघेही देव आहेत असेही शिकवतो, त्याचा मूळ सिद्धान्त तर्काच्या कसोटीस उतरतो काय. या प्रश्नाला 'श्रद्धेचा विषय आहे' असे म्हणून बगल देणे म्हणजे प्रश्नकर्त्याचाच नव्हे, तर या सिद्धान्तातील एकेका शब्दासाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बुद्धी झिजवली त्यांचाही अनादर करणे होय. म्हणून पुढील विवेचन थोडे विस्ताराने केले आहे.

आरंभी दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. आपली आई वंध्या आहे असे जो म्हणतो, त्याचे बोलणे त्याच्याच बोलण्याने खोडले जाते. यास न्यायशास्त्रात 'वदतोव्याघात' म्हणतात. एकाच वस्तूविषयी, एकाच काळी आणि एकाच अंगाने, एखादा धर्म, म्हणजे गुण, आहे व नाही असे दोन्ही म्हटले म्हणजे हा दोष घडतो. 'रहस्य' ही गोष्ट निराळी आहे. ज्याचे 'कसे' बुद्धीस आकळत नाही, पण ज्याच्या विधानात परस्परविरोध दाखवता येत नाही, ते रहस्य. न समजणे हा ऐकणाऱ्याच्या शक्तीचा प्रश्न आहे, व्याघात हा विधानाचा दोष आहे, आणि या विषयावरील बहुतेक वाद या दोहोंची गल्लत झाल्याने चिघळले आहेत.

पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, तो अनादी नाही, असे अलेक्झांड्रियाचा एरियस शिकवू लागला, तेव्हा ३२५ साली नायसिया येथील परिषदेने पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच सत्तत्त्वाचा, आहे असे ठरवले. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तोच निर्णय दृढ केला, आणि त्याच काळात 'ऊसिया' म्हणजे सत्तत्त्व एक व 'हायपोस्टॅसिस' म्हणजे व्यक्ती तीन, ही परिभाषा रूढ झाली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात यालाच 'त्रैक्य' म्हणतात. देव एक आहे आणि देव तीन आहेत असे हा सिद्धान्त म्हणत नाही. एक आहे ते सत्तत्त्व आणि तीन आहेत त्या व्यक्ती, असे तो म्हणतो. त्यामुळे 'एक बरोबर तीन कसे' हा नेहमीचा आक्षेप त्याला लागू पडत नाही.

खरी अडचण 'आहे' या साध्या क्रियापदात दडलेली आहे. 'पिता देव आहे' यातील 'आहे' जर तादात्म्य दाखवत असेल, म्हणजे पिता आणि देव ही एकच वस्तू असेल, तर 'पुत्र देव आहे' याचाही तोच अर्थ करावा लागतो, आणि मग पिता व पुत्र एकच ठरतात. सिद्धान्ताला हे मान्य नाही. उलट ते 'आहे' जर केवळ जाती सांगत असेल, जसे पेत्र मनुष्य आहे, याकोब मनुष्य आहे, योहान मनुष्य आहे, तर ज्याप्रमाणे ते तीन मनुष्य, त्याप्रमाणे हे तीन देव झाले. हेही सिद्धान्ताला मान्य नाही. इकडे आड तिकडे विहीर अशी ही स्थिती आहे.

चौथ्या शतकात अब्लाबियस नावाच्या गृहस्थाने नेमकी हीच शंका न्यासाच्या ग्रेगरीस विचारली होती, आणि तिला उत्तर म्हणून ग्रेगरीने 'देव तीन नाहीत' हे दाखवणारा निबंध त्यालाच उद्देशून लिहिला. 'मनुष्य' हे स्वभावाचे नाव असून 'तीन मनुष्य' हा लोकव्यवहारातला सैल प्रयोग आहे, असे तो प्रथम म्हणतो. आणि मग अधिक वजनदार मुद्दा मांडतो, की तीन माणसांची कर्मे वेगवेगळी असतात, परंतु देवाचे प्रत्येक कर्म पित्यापासून निघून पुत्राच्या द्वारे पवित्र आत्म्यात पूर्ण होते, म्हणून ते एकच कर्म होय. या उत्तरात खोली आहे, पण ते पुरेसे नाही. एकच रथ तिघांनी मिळून ओढला तरी ओढणारे तीनच राहतात. आणि त्यांचा वाटा वेगळा करताच येत नाही असे म्हटले, तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यासारखे होते.

विसाव्या शतकात पीटर गीच या तर्कशास्त्रज्ञाने निराळी वाट दाखवली. त्याच्या मते 'हा तोच आहे' हे वाक्य अपुरे आहे. 'हा तोच अमुक आहे' असे म्हटल्यावरच त्याला अर्थ येतो. मग पिता व पुत्र हे तोच देव असूनही तीच व्यक्ती नसणे शक्य होते. पीटर व्हॅन इनवागेन याने १९८८ साली असे दाखवले, की हे सापेक्ष तादात्म्य स्वीकारले तर त्रैक्याच्या विधानांतून विरोध निष्पन्न होत नाही. मात्र त्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती लहान नाही: ज्या दोन वस्तू एकच आहेत त्यांचे सर्व धर्म समान असलेच पाहिजेत, हा इतरत्र सर्वांनी मानलेला नियम येथे सोडावा लागतो.

तर्काचा हाच प्रश्न दुसऱ्या मूळ सिद्धान्तालाही, म्हणजे देव मनुष्य झाला या देहधारणाच्या सिद्धान्तालाही, लागू होतो. ४५१ साली कॅल्सेडॉनच्या परिषदेने ठरवले, की येशू ख्रिस्त ही एकच व्यक्ती असून तिच्यात देवस्वभाव व मनुष्यस्वभाव हे दोन्ही मिश्रणाशिवाय, बदलाशिवाय, विभागाशिवाय आणि वियोगाशिवाय आहेत. पण देव सर्वज्ञ, आणि मार्ककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तर जगाच्या अखेरच्या दिवसाची व घटकेची माहिती पुत्रालाही नाही असे म्हटले आहे. यावरचे परंपरागत उत्तर असे, की देव या नात्याने त्याला ज्ञान आहे, मनुष्य या नात्याने नाही. हे उत्तर तोलण्याचे उत्तम साधन आपल्याच नव्यन्यायात आहे. झाडाच्या फांदीवर माकड बसले असता त्याच झाडाच्या ठायी फांदीच्या अवच्छेदाने, म्हणजे फांदीपुरता, कपिसंयोग आहे आणि मुळाच्या अवच्छेदाने त्याचा अभाव आहे. अवच्छेदक वेगळे असल्याने येथे विरोध नाही. ख्रिस्ताचे दोन स्वभाव असेच दोन अवच्छेदक मानले, तर व्याघाताचा आरोप गळून पडतो. परंतु झाडाला फांदी व मूळ असे अवयव असतात, आणि जाणणारा तर एकच असतो. 'जाणतो' हा धर्म संयोगासारखा वस्तूच्या एका भागापुरता राहू शकतो काय, हा प्रश्न उरतोच. टॉमस मॉरिस याने १९८६ साली एका व्यक्तीत दोन मने कल्पून यास उत्तर दिले, तर जेसी बील याने २०२१ साली येथे विरोध आहे हे कबूल करून तो पचवणारे तर्कशास्त्रच पुढे केले.

या वादाचा मराठी माणसांशी जवळचा संबंध आहे. नीळकंठशास्त्री गोरे यांनी आधी संस्कृतातून ख्रिस्ती मताचे खंडन केले, १८४८ साली ते मत स्वीकारले, आणि पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून वेदान्तातील सत्तेच्या निरनिराळ्या पातळ्यांची व मायेची कठोर तर्कपरीक्षा केली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या शंका सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांतून निर्भयपणे मांडल्या, आणि शास्त्रात जे आपल्याला दिसत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास नकार दिला. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की हे सिद्धान्त व्याघाती आहेत हे सिद्ध झालेले नाही, पण त्यांना सुसंगत ठरवणारी प्रत्येक वाट कोठे तरी जड किंमत मागते. ती किंमत न मोजता 'रहस्य' हा शब्द पुढे करण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र जो माया सत्‌ही नाही आणि असत्‌ही नाही, ती अनिर्वचनीय आहे, असे आदराने मानतो, त्याने त्रैक्याला हसू नये; आणि ज्याने मायेच्या अनिर्वचनीयतेला तर्काने खोडले, त्याने आपल्या सिद्धान्तासाठी त्याच तर्कातून सूट मागू नये. परक्याच्या मताला लावलेला तराजू घरच्या मतालाही लावणे हे अवघड असले, तरी तपासाला प्रामाणिकपणा त्यावाचून येत नाही.



आपला स्नेहांकित