न तुटलेला पट्टा

गॅरेजच्या बाकावर इंजिनातून काढून ठेवलेला जुना पट्टा मी हातात घेतला आणि मला तो खाली ठेववेना. काळा, जेमतेम दोन बोटं रुंद, आतून दाते, पाठ गुळगुळीत. कुठे चीर नाही, एकही दाता झिजलेला नाही, कडेचा दोरा सुटलेला नाही. मेस्त्रींनी तो माझ्यासमोर अंगठ्यावर उलटा वाकवून दाखवला. "ताई, वरून काहीच कळत नाही. म्हणूनच बदलायचा."

फाटेपर्यंत वापरायचं आणि फाटल्यावर शिवून वापरायचं, अशा घरात मी वाढले. धडधाकट वस्तू केवळ तिची वेळ झाली म्हणून उतरवायची, हे पटायला मला इंजिनाच्या पोटात शिरावं लागलं.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. नुसती हवा आत घ्यायची, तिला सोळा-अठरा पट दाबायचं. त्या दाबाने ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. एवढा दाब यायचा तर पिस्टन वरच्या हेडला जवळजवळ टेकेपर्यंत यायला हवा. व्हॉल्व्हही तिथेच उघडतात. जागा एकच, वेळ तेवढी वेगळी. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदाच फिरणार, आणि हा हिशेब हा दोन बोटांचा पट्टा सांभाळतो. मिनिटाला दोन हजार फेरे ही इंजिनाची अगदी निवांत चाल. तेवढ्यातसुद्धा प्रत्येक पिस्टन सेकंदाला तेहेतीस वेळा वर येतो आणि दर वेळी व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून बाजूला झालेला असतो. पट्टा तुटला, किंवा दोन-चार दाते सरकले, की उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. आवाज एकदाच होतो, असं मेस्त्री म्हणाले.

रबर उन्हाने, उष्णतेने आणि नुसत्या वयानेही म्हातारं होतं. गाडी वर्षभर दारात उभी असली तरी त्याचं वय थांबत नाही. म्हणून ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेली वर्षं, यांतलं जे आधी येईल ते धरायचं. दात्यांच्या आत काचेच्या तंतूंचे दोर असतात. काच ताणली तरी लांबत नाही, पण मुडपली की मोडते. नवा पट्टा खोक्यातून काढताना मेस्त्रींनी तो दोन्ही हातांवर मोकळा झेलला, कुठेही घडी पडू दिली नाही. त्याच्याबरोबर टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंपही बदलला. ही सगळी मंडळी एकाच झाकणामागे राहतात. उद्या त्यातल्या एखाद्या बेअरिंगने दगा दिला, तर नवा पट्टाही त्याच्याबरोबर जातो, आणि झाकण पुन्हा उघडायची मजुरी निराळी.

क्रँकला एक पिन, कॅमला एक पिन. दोन्ही शाफ्ट जागच्या जागी अडकवून मगच जुना पट्टा उतरवला होता. नवा चढला, ताण दिला, पिना काढल्या. मग किल्लीला कुणी हात लावला नाही. मेस्त्रींनी क्रँकच्या बोल्टला पाना लावून सगळं इंजिन हाताने, हळूहळू, पूर्ण दोनदा फिरवलं. कुठे अडत नाही ना हे मनगटाने ऐकलं. दोन्ही पिना पुन्हा आपापल्या भोकात बसतात का तेही पाहिलं. ही दोन फेऱ्यांची सावकाशी मला फार आवडली. घाईने उरकलेलं काम मला ओळखू येतं आणि ते मला कधीच गोड लागत नाही.

पट्टा म्हटलं की मला आजोळची गिरणी दिसते. सिन्नरकडचं गाव, पाऊस कमी, विहिरी खोल. गिरणी वेशीजवळ होती आणि ती चालू आहे की बंद, हे बघायला कुणाला जावं लागत नसे. इंजिनाच्या धुराड्यातून पुक्-पुक्-पुक् आवाज निघाला की घराघरांतून दळणाचे डबे बाहेर पडत. इंजिन कूपरचं होतं. त्यावरची साताऱ्याची अक्षरं मी पुसून पुसून वाचलेली आहेत. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३३ साली बनलेलं डिझेल इंजिन हे या देशात तयार झालेलं पहिलं मानतात. त्या कारखान्याचे धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधानही होते. आम्हा मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की त्या चाकाची गोलाई आमच्या डोक्याहून उंच आहे आणि गिरणीवाले अण्णा हँडल मारायला उभे राहिले की बोलायचं नाही.

इंजिन मागच्या पडवीत. जात्याचे दगड पुढच्या खोलीत. मधल्या भिंतीला दोन चिरा पाडलेल्या. एकीतून पट्टा आत यायचा, दुसरीतून बाहेर जायचा. लांबलचक, सपाट, कॅनव्हासचा, हातभर उंचीवर लपलपत पळणारा. त्याचा जोड लोखंडी हुकांनी शिवलेला होता. तो जोड पुलीवरून गेला की टक्. पुन्हा टक्. दळण दळून होईपर्यंत आजी माझा हात सोडत नसे, आपला पदर कमरेला घट्ट खोचून घेई आणि मधूनमधून कुणाला तरी, बहुतेक सगळ्याच जगाला, ओरडून सांगे, "पट्ट्यापासून लांब!" पट्ट्यात पदर, शेला, धोतराचा सोगा गेल्याच्या गोष्टी त्या भागात प्रत्येक गावाला होत्या.

जात्याच्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन चाकं असायची. एक दांड्याला पक्कं बांधलेलं, दुसरं मोकळं, नुसतंच फिरणारं. इंजिन सुरू करताना पट्टा मोकळ्या चाकावर. इंजिनाने चांगला दम धरला की अण्णा लाकडी दांड्याने पट्ट्याला कडेने रेटत, आणि पळता पट्टा सरकत सरकत बांधल्या चाकावर चढे. त्या क्षणी इंजिनाचा आवाज खोल जाई, जातं घरघरू लागे आणि खालच्या कापडी नळीतून पहिली वाफाळती मूठ डब्यात पडे. बाजरीवर गहू घालायचा नाही, ज्वारीवर ज्वारीच, हरभऱ्याची डाळ सगळ्यांत शेवटी, असा क्रम ठरलेला. बायकांचे त्यावरून वाद होत. अण्णा वादात पडत नसत. ते पिठाची चिमूट अंगठ्याने चोळून बघत आणि वरचा दगड अर्ध्या सुताने खाली घेत.

पट्टा निसटू लागला की राळेचा खडा धरायचा. राळ लागली की पट्टा पुलीला धरून राही आणि सगळ्या खोलीत पिठाच्या करपट गोड वासात राळेचा वास मिसळे. तो वास मला आजही कुठल्याही अत्तराहून प्रिय आहे. पाखडणीच्या चाळणीकडे जाणारा एक लहान पट्टा होता, त्याला मध्ये पीळ दिलेला. चाळण उलट्या दिशेने फिरायला हवी म्हणून. तो मधोमध स्वतःलाच घासत पळायचा. तिथे तो का फाटत नाही, हे मी तासन् तास बघत बसे. रात्री गिरणी बंद झाली की अण्णा मोठा पट्टा चाकांवरून उतरवून सैल टांगून ठेवत. ताणावर ठेवला तर रात्रभरात लांबतो. पट्ट्यालाही झोप लागते, असं ते म्हणत. खंडेनवमीला इंजिनाला झेंडूची माळ पडे, दगडांना हळदकुंकू, आणि पट्ट्याला कुंकवाचं एकच बोट, जोडाशेजारी.

एकदा ज्वारीतून खिळा आला. जातं अडलं. पट्टा किंचाळला आणि उडून बाजूला पडला. दगड वाचला, इंजिन मोकळं पुकपुकत राहिलं. अण्णांनी खिळा काढला, पट्टा चढवला, दळण पुढे सुरू. सपाट पट्ट्याचं हे मोठेपण मला फार उशिरा कळलं. तो घसरतो, आणि त्याच्या घसरण्यामुळे बाकी सगळं वाचतं. इंजिनाच्या झाकणामागच्या दातेरी पट्ट्याला तेवढी मोकळीक नाही. सैल चाक नाही, उतरून पडायची सोय नाही, रात्रीची झोप नाही. ताण कायमचा.

या दोघांच्या मधला इतिहासही मला वाचायला आवडतो. १९१७ साली अमेरिकेत जॉन गेट्स यांनी खाचेत रुतून बसणारा तिरप्या कडांचा रबरी पट्टा काढला. आपल्याकडचा फॅनबेल्ट त्याचाच वंशज. दातेरी पट्टा आला तो १९४०च्या दशकात, शिवणयंत्रांसाठी: सुईचं वर-खाली आणि खालच्या आकड्याचं फिरणं यांची वेळ जुळावी म्हणून. कापडातून तो मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत आला १९६२ साली, जर्मनीतल्या ग्लास १००४ या गाडीत. टाक्याला टाका जुळवणारी गोष्ट व्हॉल्व्हला पिस्टन चुकवू लागली. इंजिनात साखळी चांगली की पट्टा, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. साखळी दीर्घायुषी असते हे मान्य. पण माझं मन पट्ट्याकडे आहे. तो कमी आवाज करतो आणि वेळच्या वेळी कुणाला तरी आपल्याकडे बघायला लावतो.

इंजिनाचा दुसरा पट्टा बाहेरचा. त्याच्या पोटावर लांबीच्या रेघा, आणि तो बोलतो. पहिल्या पावसात, थंडीतल्या सकाळी चीं करून ओरडतो. त्याच्यात आजोळच्या पट्ट्याचं रक्त शिल्लक आहे. अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर त्याच्या ओढीवर चालतात. उन्हाळ्यात एसीचं बटण दाबलं की टक् असा आवाज येतो, इंजिन क्षणभर दबतं, तो कॉम्प्रेसरचा क्लच. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४०च्या गाड्यांत पहिल्यांदा एसी दिला तेव्हा हा क्लच नव्हता. अर्धी डिकी व्यापणारं ते यंत्र बंद करायचं तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने उतरवायचा. अण्णांना हे अगदी रास्त वाटलं असतं.

एसी गार करत नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: गॅस संपला, भरून टाकू. गॅस जळत नाही, विरत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. आमच्या मेस्त्रींनी आधी उरलेला गॅस मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेतला, मग नळ्यांत नायट्रोजनचा दाब धरला आणि एकेका जोडाला साबणाचा फेस लावत फिरले. कंडेन्सरच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. कडक झालेली ओ-रिंग, काही रुपयांची. ती बदलून मग व्हॅक्यूम, चांगला अर्धा तास. नळ्यांतली हवा काढून घेतली की आत चुकून राहिलेलं पाणी साध्या उन्हाळ्याच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. ते राहिलं तर आत बर्फ होऊन वाट अडवतं, तेलाशी मिळून आम्ल बनवतं. शेवटी गॅस, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिला असेल तितकाच, काट्यावर ग्रॅममध्ये मोजून. जास्त भरला तर जास्त गार होत नाही, उलट कमीच होतं. अंदाजाने गॅस भरणाऱ्याकडे मी गाडी देत नाही, आणि माझ्या ओळखीच्या कुणालाही देऊ देत नाही.

आग आणि गारवा एकाच पट्ट्याच्या दोन टोकांना असावेत, याचं नवल वाटून मी रुडॉल्फ डिझेलबद्दल वाचायला घेतलं, तर तो माणूस मुळात बर्फाचा. म्युनिकमध्ये तो कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी. लिंडे म्हणजे शीतयंत्रांचे आद्य महारथी. शिक्षण संपताच डिझेल पॅरिसला लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यात लागला आणि वर्षभरात त्याचा प्रमुख झाला. १८८०च्या दशकात तो अमोनिया दाबत होता, बर्फ विकत होता, आणि मनात एक इंजिन रचत होता. दाबलं की तापतं, सैल सोडलं की निवतं: कारखाना पहिल्यातली उष्णता बाहेर टाकून दुसऱ्यातला गारवा विकत होता. डिझेलने टाकून दिलेली बाजू उचलली. १८९७ साली आऊग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. १९१३च्या सप्टेंबरात इंग्लंडकडे निघालेल्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला. त्याच्या कर्जांबद्दल, शत्रूंबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र बर्फाच्या कारखान्यातला तो पंचविशीतला तरुणच जवळचा वाटतो.

मेस्त्रींनी ओढून घेतलेला तो जुना गॅस आर-१३४ए. त्याच्या आधीचा आर-१२. थॉमस मिज्ली यांनी १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीभर ओढून मेणबत्तीवर फुंकला होता, विषारी नाही आणि पेटतही नाही हे दाखवायला. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी त्याच जातीचे वायू ओझोनला खातात हे सांगितलं आणि १९८७च्या माँट्रियल करारानंतर ते मागे पडले. आर-१३४ए ओझोनला काही करत नाही. पण हवेत सोडलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डाय-ऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे किलोंइतकी उष्णता धरून ठेवतो. एका गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो. पाना लावून फुस्स करून सोडून देणं फुकट पडतं, ओढून घ्यायचं मशीन महाग असतं, आणि रस्त्याकडेच्या किती गॅरेजांना ते परवडेल? ज्यांना परवडतं त्यांनी ते वापरावं, आणि आपण गाडी देताना विचारावं: जुन्या गॅसचं काय करता? मी विचारते. मेस्त्री आता हसून सिलिंडरकडे बोट दाखवतात, आणि त्यांच्याकडे शिकणारा पोरगा विजेच्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला वेगळं तेल का लागतं ते मला समजावून देतो. तिथे कॉम्प्रेसरची मोटर आतच असते, त्यामुळे वीज वाहू न देणारं तेल हवं. आमच्या गाडीचं तेल चुकून तिथे गेलं तर सगळा कॉम्प्रेसर बाद. पट्टा तिथे नाहीच.