दुसऱ्या नावाचा खेळाडू

शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. संघ पाठवण्यापूर्वी आम्ही शिक्षक प्रत्येक मुलाची जन्मतारीख तपासतो. सोळा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालील गटात उतरला, तर समोरची शाळा लगेच हरकत घेते. ते योग्यच आहे. पण ऑनलाइन खेळात असेच घडले, की मुले त्याला हुशारी म्हणतात! नववीतील एक विद्यार्थी मला अभिमानाने म्हणाला, "सर, माझा भाऊ दुसरे अकाउंट काढतो आणि नवशिक्यांना सहज हरवतो."

"मग ते नवशिके काय करतात?" मी विचारले.

"गेम सोडून जातात."

या उत्तराने मी विचारात पडलो.

'डोटा २' हा पाच विरुद्ध पाच जणांचा खेळ आहे. त्यातील क्रमवारीच्या सामन्यांत प्रत्येकाच्या खात्यावर गुण असतात. जिंकले की गुण वाढतात, हरले की कमी होतात. साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंना संगणक समोरासमोर आणतो. ही कल्पना बुद्धिबळातून आली. प्राध्यापक अर्पाद एलो यांची गुणपद्धती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. त्या हिशोबाने दोघांत ४०० गुणांचा फरक असेल, तर शंभर डावांत वरच्याला सुमारे ९१ गुण मिळतील आणि खालच्याला ९. मात्र बुद्धिबळात समोर कोण बसले आहे, हे खालच्याला माहीत असते. दुसऱ्या खात्यावर खेळणारा नेमके हेच लपवतो. त्याच्या नावापुढचा आकडा खोटा असतो.

त्याच्या संघातील चौघांचा फायदा होतो, असे तुम्ही म्हणाल. पण त्यांचे गुण दुसऱ्याच्या बळावर वाढतात. पुढच्या सामन्यांत त्यांची गाठ वरचढ खेळाडूंशी पडते आणि तेथे ते मार खातात.

अशा खेळाडूला 'स्मर्फ' म्हणतात. स्मर्फ म्हणजे एका बेल्जियन चित्रकथेतील चिमुकली निळी माणसे. १९९६ च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट २' मधील दोन पटाईत खेळाडूंशी कोणी खेळायला तयार होईना. तेव्हा त्यांनी या निळ्या माणसांची नावे घेतली. त्यांची अडचण मला समजते. खेळायला कोणी नसणे हेही दुःखच आहे. कोणाला नवख्या मित्राबरोबर खेळायचे असते, तर कोणाला नवा डाव शिकायचा असतो. त्यासाठी क्रमवारीत न मोजले जाणारे सामने आहेत. तेथे खुशाल खेळावे.

'डोटा २' चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ साली अशी ९०,००० खाती बंद केली. ती खाती कोणाची, हेही तिने शोधले. यापुढे त्या खेळाडूच्या मूळ खात्यावरही कारवाई होऊ शकते, असा इशारा तिने दिला. वर्गात हे सांगताच तो नववीचा विद्यार्थी घाईने म्हणाला, "सर, भावाला आजच सांगतो!"