कॅलगरी : बर्फ नसलेल्या रस्त्यावरचा हिवाळा

जानेवारीतली सकाळ. आकाश निळेभोर, ऊन लख्ख पडलेले. खिडकीतून पाहणाऱ्या पाहुण्याला वाटावे, बाहेर महाबळेश्वरचा गुलाबी गारवा असेल. पण दाराबाहेर पाऊल टाकताच नाकातला ओलावा गोठतो आणि पापण्यांवर पांढरे कण जमतात. पारा शून्याखाली २५ अंशांवर असतो. नवल म्हणजे, समोरच्या हमरस्त्यावर बर्फाचा मागमूस नसतो. कोरडे, करडे डांबर उन्हात चमकत असते.

हे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले कॅलगरी शहर. बो नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले. १९८८ची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा येथेच झाली. पश्चिमेला क्षितिजावर रॉकी पर्वताची शिखरे दिसतात. शहराच्या हवामानाची सूत्रे याच पर्वताच्या हाती आहेत.

शिनूकची करामत

सह्याद्री ढग अडवतो, म्हणून कोकणात धो धो पाऊस पडतो आणि घाटापलीकडचा देश कोरडा राहतो. रॉकी पर्वत तेच करतो. प्रशांत महासागरावरून येणारे वारे पश्चिम उतारावर आपला ओलावा टाकतात आणि पूर्वेला उतरताना तापत जातात. हाच तो प्रसिद्ध 'शिनूक' वारा. तो सुटण्यापूर्वी पश्चिमेच्या आकाशात ढगांची लांबलचक कमान उभी राहते. मग काही तासांतच तापमान वीस-वीस अंशांनी चढते. मुले जाडजूड कोट काढून अंगणात खेळू लागतात, छपरांवरून पाणी ठिबकू लागते.

पण सूर्य मावळला, की तेच पाणी पुन्हा गोठते. डांबरावर काचेसारखा पातळ थर तयार होतो. तो इतका पारदर्शक असतो, की खालचा काळा रस्ताच दिसतो. पुलांवर आणि चौकांत तो हमखास भेटतो. शून्याच्या आसपासचा हा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा असतो.

रबरालाही थंडी वाजते

भारतातून नव्याने आलेल्या कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात एक प्रश्न हमखास पडतो. रस्ता तर कोरडा आहे, मग हिवाळी टायरांचा खर्च कशाला? घरभाडे, मुलांची शाळा, उबदार कपडे यांतून आधीच हात आखडलेला असतो. अशा वेळी वर्षानुवर्षे इथे राहिलेले एखादे काका समजावतात, "अरे, हे टायर नुसत्या बर्फासाठी नसतात, थंडीसाठी असतात!"

काकांचे म्हणणे खरे आहे. तापमान साधारण ७ अंशांखाली गेले, की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि कोरड्या डांबरावरही त्याची पकड कमी होते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही लवचिक राहते. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. बर्फावर पकड मिळते, ती या चिरांच्या कडांमुळे.

निवड कशी करावी?

टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरे मात्र केवळ नक्षीचा प्रकार सांगतात.

चिन्ह असलेल्या टायरांतही दोन घराणी आहेत. पहिले अतिशय मऊ, काचेसारख्या बर्फावर उत्तम धरणारे. पण कोरड्या रस्त्यावर वेगात वळताना ते थोडे लिबलिबीत वाटतात आणि शिनूकच्या उबदार दिवसांत लवकर झिजतात. दुसरे थोडे घट्ट, कोरड्या व ओल्या हमरस्त्यावर स्थिर चालणारे. त्यांच्यावर बहुधा 'एच' किंवा 'व्ही' हे वेगाचे अक्षर असते. मऊ टायरांवर 'क्यू', 'आर' किंवा 'टी' आढळते. रोजचा प्रवास स्वच्छ केलेल्या हमरस्त्याने असेल, तर दुसरे घराणे सोयीचे. पण पहाटे गल्लीबोळांतून आणि गोठलेल्या चौकांतून जायचे असेल, तर पहिलेच बरे. खिळे बसवलेले टायर निव्वळ बर्फावर गुणकारी. कोरड्या डांबरावर त्यांचा खडखडाट फार.

निवड कोणतीही असो, चारही चाकांना एकाच जातीचे टायर हवेत. दोनच बदलले, तर गाडीचा पुढचा भाग एक म्हणतो आणि मागचा दुसरेच! जुने टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. हवाही तपासत राहावी, कारण तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, की दाब सुमारे एक पौंडाने घटतो. शहाणी माणसे ऑक्टोबरातच टायर बदलून घेतात. पहिला बर्फ पडल्यावर दुकानांपुढे रांगा लागतात.

बॅन्फच्या वाटेवर

या निवडीची खरी परीक्षा होते ती सुटीच्या दिवशी. कॅलगरीहून बॅन्फ सुमारे १२५ किलोमीटर. रुंद हमरस्ता माळ मागे टाकून डोंगरांत शिरतो. दोन्ही बाजूंना पांढरी शिखरे, गोठलेले तलाव आणि गर्द सूचिपर्णी वृक्ष. मागच्या सीटवर मुले रस्त्याकडेला हरणे शोधत असतात. आणखी पुढे किकिंग हॉर्स खिंडीत ब्रिटिश कोलंबियाची हद्द लागते आणि नियमही बदलतो. अल्बर्टात हिवाळी टायर सक्तीचे नाहीत. पण त्या प्रांतातल्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत हिमकण किंवा 'एम प्लस एस' खुणेचे, किमान ३.५ मिलिमीटर नक्षी शिल्लक असलेले टायर लागतात.

परतीच्या वाटेवर संध्याकाळ होते. दुपारी वितळलेले पाणी पुलावर पुन्हा गोठू लागते. पुढच्या गाडीचे लाल दिवे अचानक लागतात. चालक ब्रेकवर पाय ठेवतो, गाडी किंचित थरथरते आणि सरळ रेषेत थांबते. मागे मुले झोपलेलीच राहतात. टायरांवरचा खर्च त्या एका क्षणात वसूल होतो.