सहावी

सहावी पुणे डिव्हिजन जन्मली ती कागदावर. १९०२ साली लॉर्ड किचनेर हिंदुस्थानचे सरसेनापती होऊन आले आणि त्यांनी बंगाल, मद्रास, मुंबई अशा जुन्या फौजांची घडी मोडली. १९०३ मध्ये पलटणींना नवे नंबर पडले. मुंबईच्या पायदळापुरता हिशोब सोपा होता, जुन्या आकड्यात शंभर मिळवायचे. तिसरी झाली एकशेतीन, दहावी झाली एकशेदहा, सतरावी झाली एकशेसतरा. या तीन मराठा पलटणी सहावीच्या पदरात पडल्या. सहावीचं मुख्यालय पुण्याला असलं, तरी तिचे पाय बरेचसे सातारा, रत्नागिरी, कुलाब्याकडचे होते.

डिव्हिजन म्हणजे मोठं खटलं. वर एक जनरल, त्याच्या हाताखाली सोळावी, सतरावी आणि अठरावी अशा तीन ब्रिगेड, आणि एकेका ब्रिगेडीत चार पलटणी. त्या चारांत एक गोरी, तीन देशी. हे प्रमाण सहज पडलेलं नव्हतं. १८५७ चा धसका सरकारने पन्नास वर्षं जपून ठेवला होता, म्हणून तोफाही बहुतेक गोऱ्यांच्याच हाती. मराठ्यांच्या तीन पलटणीसुद्धा एका ठिकाणी राहू दिल्या नाहीत, प्रत्येक ब्रिगेडीत एकेक वाटून दिली. शिवाय रिसाला, सॅपर्स, पायोनियर, तारायंत्रवाले, दवाखाना, खेचरं, भिस्ती, स्वयंपाकी. एवढ्या बारदान्यात शिपायाचा पगार महिना अकरा रुपये.

सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या खोऱ्याला ते अकरा रुपये कमी वाटत नव्हते. कोयनाकाठी थोडं भात, वर डोंगरउतारावर नाचणी नि वरी, आणि वाटण्या होत होत वावर इतकं चिंचोळं झालेलं की चार भावांतल्या दोघांनी बाहेर पडल्याशिवाय घर चालत नसे. एकाने मुंबईची गिरणी धरायची, दुसऱ्याने पलटण. गिरणीतून खोकला घेऊन येतात आणि पलटणीतून पेन्शन, हा व्यवहार बायाबापड्यांनाही कळत होता. भरती करणाऱ्या साहेबांचा जीव मात्र तेव्हा उत्तरेकडच्या ‘लढवय्या’ जातींवर होता. मराठा काटक खरा, पण बुटका नि मळकट, असा त्यांचा एकंदर सूर. हा सूर बदलायला इराकातली नदी लागली.

पहिल्या महायुद्धात तुर्क विरुद्ध बाजूने उतरले आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावीची पहिली ब्रिगेड शत-अल-अरबच्या मुखाशी फावला उतरली. एकशेसतरावी तिच्यातच होती. तेलाच्या नळाची राखण करायची आणि बसरा धरायचं, एवढंच काम नेमून दिलेलं. महिना संपायच्या आत बसरा हाती आलं, मागून उरलेलं खटलं आलं, आणि हातात आलेलं पुरेनासं झालं. एप्रिल १९१५ मध्ये मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड सहावीचे कारभारी झाले. मे अखेरीस कुर्न्याजवळ पुराच्या पाण्यातून सतराव्या ब्रिगेडीचं पायदळ चक्क होड्यांत बसून लढाईला गेलं. ३ जूनला टाउनशेंड शंभरेक माणसांनिशी बोटीतून अमाऱ्याला पोहोचले, आणि मागून अख्खी डिव्हिजन येतेय या समजुतीने शहराने शरणागती दिली. डिव्हिजन तेव्हा कित्येक मैल मागे होती. सहावीच्या आयुष्यातला हा सगळ्यात फुकटचा विजय, आणि माझ्या मते तिला तोच बाधला. नुसत्या नावावर शहरं पडतात म्हटल्यावर बगदाद कोणाला लांब वाटेल?

तिच्यात खोट होती ती पोटाची. अंगात चालण्याची हिंमत भरपूर, पण मागून शिधा आणणाऱ्या बोटी मोजक्या, आणि नदी एकच. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनच्या प्रचंड विटांच्या कमानीसमोर ती तुर्कांना भिडली. चार हजार सहाशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून मागे आणलं. पुढे चौकशी आयोग बसला, आणि १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. गाडीत हाडं खिळखिळी झालेल्या शिपायाला हे कोणी कळवलं असेल असं वाटत नाही.

मागे हटत सहावी कूत-अल-अमारा इथे आली. तैग्रिस नदीच्या वळणात बसलेलं, तीन बाजूंनी पाणी असलेलं हे गाव. ७ डिसेंबरला वेढा पडला आणि जवळजवळ पाच महिने टिकला. तिथे या खटल्याच्या वेगवेगळ्या चुली उघड्या पडल्या. धान्य संपत आलं तशी घोडी कापायला काढली. गोऱ्यांनी मांस खाल्लं. आपल्या शिपायांनी नाही म्हटलं. धर्म मोडत नाही, अशा तारा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून मागवून त्यांना दाखवल्या, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत हटून राहिले. गावी गेल्यावर पंगतीत कोण बसू देईल, हा प्रश्न तारेने सुटणारा नव्हता. त्याचं फळ डॉक्टरांच्या वहीत उतरलं. ताजं मांस आणि पालेभाजी पोटात न गेल्यामुळे देशी शिपायांना स्कर्व्हीने धरलं, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलल्या. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्यामुळे बेरीबेरी झाली, कोंड्यासकट आटा खाणारे तिच्यातून वाचले. एकाच वेढ्यात एकाच डिव्हिजनला दोन वेगळे आजार, ज्याच्या त्याच्या ताटाप्रमाणे.

शेवटी घोड्यांच्या चंदीतला जव माणसांच्या वाट्याला आला, तोही दिवसाला चार-पाच औंस. दळायला विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या. एप्रिलमध्ये विमानं पिठाची पोतीही टाकू लागली. युद्धाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं, पण त्यातली काही पोती नदीत पडत. सुटकेला आलेल्या फौजेने नदीच्या खालच्या अंगाला वीस हजारांहून जास्त माणसं खर्ची घातली, तरी ती पोहोचली नाही. २९ एप्रिल १९१६ ला सहावीने निशाण खाली घेतलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली.

टाउनशेंडसाहेबांचा स्पॉट नावाचा कुत्रा होता. तुर्की सेनापती खलील पाशाने तो माणुसकीने इंग्रज ठाण्याकडे पोहोचवला. साहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई वाळवंटातून चालत निघाले, रास-अल-ऐनकडे, रेल्वेचं काम करायला. हजारो वाटेत किंवा छावणीत संपले. सातारा जिल्ह्यात अपशिंग्याला त्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची पाटी आहे. गावोगावच्या अनेकांचं स्मारक बसऱ्याला आहे, जिथे कोयनेकाठची माणसं जाऊन हात लावू शकत नाहीत.

सहावी त्या युद्धात पुन्हा उभी राहिली नाही. पलटणींचं तसं नसतं, त्या डेपोतून नव्या माणसांनी भरून निघतात. एकशेसतरावीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ किताब मिळाला. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या. एकशेतीन झाली पहिली, आजची जंगी पलटण. एकशेदहा झाली तिसरी, ती पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन दोन पॅरा झाली. दुसऱ्या महायुद्धात या दोघी इटलीत वेगवेगळ्या घरी नांदल्या. पहिली आठव्या डिव्हिजनमध्ये, तिसरी दहाव्या. तिसरीच्या नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पहिलीच्या शिपाई नामदेव जाधवांना तो हयातीत मिळाला, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमासाठी.

आणि सहा हा आकडा? तो सरकारने १९४१ मध्ये पुन्हा काढला. या नव्या सहाव्या डिव्हिजनच्या नावात पुणे नव्हतं. तिला पाठवलं ते मात्र इराकलाच.